अणुभट्टींतील ग्रॅफाइट

शिसपेन्सिलीच्या नांवांत शिसें आहे. तिच्या पोटांत मात्र त्याचा कणहि नसतो. तेथें असतें तें ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेंच एक रूप. त्यांतील अणू षट्कोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात. एका थरांतील अणू परस्परांस घट्ट धरून असतात. पण दोन थरांमधील अंतर अणूअणूंमधील अंतराच्या दुपटीहून अधिक व बंध अगदीं शिथिल. म्हणून पेन्सिल कागदावर ओढतांच थर सुटतात आणि अक्षर उमटतें.

अणुभट्टीचें ग्रॅफाइट मुद्दाम घडवावें लागतें. पेट्रोलियमच्या कोकची भुकटी डांबरांत मळून तिचे ठोकळे भाजतात व मग विजेच्या भट्टींत सुमारें २,८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. तेव्हां कोठें अणूंना ती शिस्त लागते. युरेनियमचा अणू फुटतांना वेगानें न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांना मंद करणें हें ग्रॅफाइटचें काम. कारण मंद न्यूट्रॉनच पुढील अणू सहज फोडतो. बोरॉनचा लेशहि मिसळला तर तो हे न्यूट्रॉन गिळून टाकतो. म्हणून झिलार्ड यांनीं शुद्धतेचा आग्रह धरला, आणि २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें फेर्मींच्या देखरेखीखालीं ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांची पहिली अणुभट्टी चालू झाली.

परंतु ही शिस्त मोडली म्हणजे धोका उत्पन्न होतो. न्यूट्रॉनांच्या आघातानें अणू जागचे उडून थरांमध्यें अडकतात, आणि दाबलेल्या कमानीप्रमाणें तेथें शक्ति साठत जाते. यूजीन विग्नर यांनीं हें आधींच ताडलें होतें. ठोकळे जपून तापविले कीं अणू स्वस्थानीं परततात व ती शक्ति उष्णतेच्या रूपानें मोकळी होते. इंग्लंडांत विंडस्केल येथें ऑक्टोबर १९५७ मध्यें हीच क्रिया चालू असतां भट्टींतील इंधनानें पेट घेतला. ११ तारखेस पाणी सोडून व हवा बंद करून आग विझविली. पण तोंवर किरणोत्सर्गी आयोडिन कुरणांवर पडलें होतें व गवतावाटे गाईंच्या दुधांत उतरलें होतें. लहान मुलांच्या गळ्यांतील ग्रंथि आयोडिन शोषून घेते. म्हणून सुमारें ५०० चौरस किलोमीटर टापूंतील दूध कित्येक दिवस ओतून द्यावें लागलें.

पुढील भट्ट्या अधिक तपमानावर चालविल्या गेल्या. त्यांत सुटलेले अणू बहुतांशीं आपोआपच जागेवर येतात. ठोकळा बाहेरून पूर्वीसारखाच काळा व शांत दिसतो. म्हणूनच त्याच्या आंतील साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो.