‘आता या वयात?’ म्हणू नका!

मुलं हाताशी आली, आता मी काय शिकणार? असं म्हणून आपण गप्प बसतो ना? मग मैत्रिणींनो, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडची ही हकिगत ऐका. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरच्या परिचारिका खेड्यात रमेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, लेकुरवाळ्या! बाळाचं वजन, बाळंतपण, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, सारं त्या शिकल्या. पोरं वाढवलेल्या बाईवर गावानंही विश्वास टाकला. तेव्हा आजच कागद घ्या. घर चालवताना काय काय शिकलात, ते लिहून काढा. नवं काम त्या यादीतच सापडेल!