रुईचा चीक आणि डोळा

रुई ठाऊक नाहीं असा शेतकरी वऱ्हाडांत मिळावयाचा नाहीं. अमरावती व अकोला जिल्ह्यांत धुऱ्यावर, पडक्या भिंतींशीं, नाल्याच्या कांठीं ती न लावतां वाढते. महसुली नोकरींत असतां पीकपाहणीच्या वेळीं ज्या जमिनीपुढें आम्ही ‘पडीत’ असें लिहीत असूं, तेथें रुई बहुधा उभी असावयाचीच. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. तेवढ्यावरूनच तिची पारख व्हावयास पाहिजे होती. पण माणूस गुरापेक्षां शहाणा पडला!

तिच्या अंगीं गुण नाहींत असें मात्र नाहीं. आयुर्वेदांत हिलाच अर्क म्हणतात. पानास तेल लावून, तें कोमट करून सुजलेल्या सांध्यावर बांधण्याची चाल घरोघर आहे. कातडी फुटलेली नसेल तर त्यास फारशी हरकत दिसत नाहीं. पायांत काटा मोडल्यास त्या जागीं चीक लावितात. मुळाची साल वैद्य शुद्ध करून अल्प मात्रेंत देतात. परंतु त्याच वैद्यशास्त्रानें अर्काची गणना उपविषांत केली आहे, हें घरगुती औषधें सांगणारे विसरतात. रुईंत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारीं द्रव्यें आहेत. ती पोटांत गेल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात, नाडी बिघडते, आणि प्रसंगीं प्राणहि जातो. तेव्हां घरच्या घरीं ती कोणासहि पोटांत देऊं नये. गर्भिणीस व मुलांस तर मुळींच नाहीं.

पण खरें भय डोळ्याचें आहे. शनिवारीं व हनुमानजयंतीस मारुतीकरितां रुईच्या पानांची माळ करितात, आणि पानें खुडावयास बहुधा मुलांना धाडतात. देठ मोडतांच चीक बोटांस लागतो व घाम पुसतांना तोच हात डोळ्याकडे जातो. येथें फसगत होते. चिकाच्या अंगीं बधिरता आणण्याचा गुण असल्यामुळें पुष्कळदां डोळा दुखतच नाहीं. तो लाल होतो, पाणी गळतें, आणि कांहीं तासांनीं धुकें पडल्यासारखें दिसूं लागतें. दुखत नाहीं म्हणून मनुष्य उद्यांवर टाकतो. तेवढ्यांत बुबुळापुढील पारदर्शक पडदा सुजतो. या पडद्याच्या अगदीं आंतल्या थरांतील पेशी एकदां मेल्या म्हणजे पुनः उत्पन्न होत नाहींत. वेळेवर इलाज झाल्यास नजर बहुतेक सुधारते; मात्र तो वेळेवर झाला पाहिजे.

यास्तव चीक उडाल्याबरोबर, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्यानें १५ ते २० मिनिटें डोळा धुवावा. मध, तूप, अंगावरचें दूध यांपैकीं कांहीं घालूं नये. घरांत उरलेलें जुनें औषधहि घालूं नये. नंतर दुखो वा न दुखो, त्याच दिवशीं डोळ्यांच्या डॉक्टरास दाखवावें. अमरावतीस इर्विन व अकोल्यास सर्वोपचार, हीं सरकारी रुग्णालयें आहेत. जातांना ‘रुईचा चीक गेला’ असें स्पष्ट सांगावें, म्हणजे साधे डोळे आले असें समजून उपचार व्हावयाचे नाहींत.

धुरा साफ करितांना डोळ्यांवर साधा चष्मा असावा, व विळा खालीं ठेवल्यावर प्रथम हात साबणानें धुवावे. तोडलेली रुई कडब्याच्या गंजीजवळ टाकूं नये. उभ्या झाडास न शिवणारें जनावर कुटारांत मिसळलेली पानें निवडीत बसत नाहीं.