न जुळणारा हिशेब : असंगत साहित्याविषयी थोडेसे

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळींनी प्रेमाने बजावले होते, "डॉक्टर, या वेळी लसीकरणावर नको. काहीतरी वेगळे, साहित्यिक लिहा." मी त्यांची आज्ञा अर्धी पाळणार आहे. विषय साहित्याचाच निवडला आहे. मात्र बालरोगतज्ज्ञाच्या हातून लिहिलेल्या लेखात लस कोठेतरी डोकावणारच, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

विषय आहे असंगत साहित्य. इंग्रजीतील 'ॲब्सर्ड' या शब्दाला मराठी समीक्षकांनी 'असंगत' हा प्रतिशब्द दिला आहे. या प्रकारचे लेखन दुर्बोध, निराशावादी आणि पाश्चात्त्यांच्या रिकामपणातून आलेले असते, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. माझाही बरीच वर्षे होता. तो कसा बदलला, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभी एक परिचित उदाहरण घेऊ. बारडोलीहून ताप्ती लाइनने भुसावळच्या दिशेने जाताना आपण सर्वांनी नवापूर स्थानक पाहिले आहे. १ मे १९६० रोजी जुन्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा सीमारेषा नेमकी या स्थानकातून गेली. तेथील एका बाकाचे एक टोक महाराष्ट्रात, तर दुसरे गुजरातेत आहे. त्यावर आडवा होणारा प्रवासी डोके एका राज्यात आणि पाय दुसऱ्या राज्यात ठेवून झोपतो. सीमा कायद्याने आखली गेली; बाक प्रवाशांच्या सोयीसाठी मांडला गेला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु त्यांच्या बेरजेतून जे निष्पन्न होते, ते पाहून हसू येते. प्रत्येक पायरी तर्कशुद्ध आणि निष्कर्ष मात्र तर्कापलीकडचा, हीच असंगतीची पहिली ओळख.

या कल्पनेला तात्त्विक बैठक दिली ती आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने. 'द मिथ ऑफ सिसिफस' या नावाने इंग्रजी वाचकांना ज्ञात असलेला त्याचा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस जगाकडे 'का?' असा प्रश्न सतत विचारत असतो आणि जग त्यावर मौन पाळते. असंगती एकट्या माणसात नाही, एकट्या जगातही नाही. ती या दोघांच्या भेटीत आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच्या १९४७ सालच्या 'द प्लेग' या कादंबरीचा कथनकार एक डॉक्टर आहे. नवीन सीरम टोचूनही एक मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मरतो, हा त्यातील प्रसंग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्या व्यवसायातील कोणाही व्यक्तीला तो प्रसंग केवळ साहित्य म्हणून वाचता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही दृष्टी अमेरिकन कथासाहित्यात पोहोचली आणि तेथे तिने विनोदाचा वेष धारण केला. जोसेफ हेलर यांची 'कॅच-२२' ही कादंबरी १९६१ मध्ये आली. वैमानिकाला वेड लागले असेल तर त्याला उड्डाणातून सूट मिळू शकते. मात्र त्यासाठी त्याने स्वतः विनंती केली पाहिजे. पण जिवाच्या भीतीने विनंती करणारा माणूस शहाणाच असणार, म्हणून सूट नाही! याच कादंबरीत डॉक डनीका नावाचे एक लष्करी डॉक्टर आहेत. विमानात न बसताच त्यांचे नाव प्रवाशांच्या यादीत घातलेले असते. ते विमान कोसळते आणि समोर धडधाकट उभे असलेले डॉक्टर कागदोपत्री मृत ठरतात. त्यांच्या जिवंतपणापेक्षा यादीवर साऱ्यांचा अधिक विश्वास! हयातीच्या दाखल्यासाठी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या निवृत्तिवेतनधारक आजोबांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही कादंबरी १९६९ ची. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहर बॉम्बवर्षावात बेचिराख झाले, तेव्हा व्हॉनेगट तेथे युद्धकैदी होते. हा अनुभव लिहिण्यास त्यांना सुमारे दोन तपे लागली; आणि लिहिला तेव्हा सरळ लिहिला नाही. त्यांचा नायक काळाच्या पुढेमागे भरकटतो, परग्रहावर जातो आणि लेखक स्वतः मधूनच कथेत डोकावतो. कादंबरीत जेथे जेथे मृत्यू येतो, तेथे तेच तीन लहान शब्द पुन्हा येतात. आरंभी ते बेपर्वाईचे वाटतात; शंभराव्या वेळी ते आक्रोशासारखे ऐकू येतात.

येथे 'उत्तर-आधुनिकता' ही दुसरी संज्ञा येते. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. एकाच कथनकाराने आदि-मध्य-अंतासह सांगितलेली एकच गोष्ट म्हणजे सत्य, यावरचा विश्वास उडाला की तुकडे, परस्परविरोधी कथने आणि कथा सांगता सांगता कथेवरच घेतलेली शंका, अशी रचना जन्म घेते. आपण ओपीडीत हे रोज अनुभवतो. आजाराची हिस्ट्री आई एक सांगते, आजी दुसरी सांगते आणि वडील मोबाइलवरून तिसरी सांगतात. कोणीही खोटे बोलत नसते. तरी केसपेपरवर आपण एकच हिस्ट्री लिहितो आणि तीच पुढे अधिकृत ठरते.

मराठीत हे सारे पश्चिमेतून आयात झाले काय? प्रभाव होता, हे नाकारता येणार नाही; परंतु माती आपलीच होती. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेमाडे हे जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे, म्हणजे आपल्याच ताप्ती लाइनच्या मुलखातले. पुण्यात शिकायला गेलेला खानदेशी तरुण पांडुरंग सांगवीकर आपल्या निरर्थक वाटणाऱ्या दिवसांचा वृत्तान्त सांगतो. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द तो अशा ठिकाणी पेरतो की मोठमोठ्या विधानांतील हवाच निघून जाते. आणि या थट्टेच्या मध्यभागी त्याच्या चिमुकल्या बहिणीचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू आहे. तेथे त्याच्यापाशी कोणतेही तत्त्वज्ञान शिल्लक राहत नाही.

१९७४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' ही कादंबरी आली. शीर्षकातच पाढा चुकलेला! शाळेत उत्तर बेचाळीस येते; जगताना एक उरतो. हा उरलेला एक कोठे मांडायचा, हेच या तुकड्यातुकड्यांनी रचलेल्या कादंबरीचे दुःख आहे. त्याच वर्षी सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' रंगभूमीवर आले. ती कादंबरी नव्हे, नाटक आहे; पण त्याला वगळून मराठीतील असंगतीविषयी बोलता येत नाही. त्यातील भाऊराव मरण पावले आहेत आणि ते स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करीत आहेत. त्यांना जुन्याच स्मशानात जळायचे आहे आणि ते स्मशान तर बंद झाले आहे! हे नाटककार त्या काळी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागात काम करीत होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

अमेरिकेशी प्रत्यक्ष धागा जुळतो तो विलास सारंग यांच्यामुळे. त्यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संशोधन केले, इराकमध्ये बसरा येथे अध्यापन केले आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखन केले. 'सोलेदाद' हा त्यांचा कथासंग्रह १९७५ चा. त्यांच्या एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्तीच जिवंत होऊन पळ काढतात. सारंगांनी काफ्का आणि काम्यू पचवले होते. पण ही कल्पना मुंबईच्या चौपाटीखेरीज अन्यत्र सुचली नसती. श्याम मनोहर हे तर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 'उत्सुकतेने मी झोपलो' या त्यांच्या कादंबरीला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मध्यमवर्गीय घरातील साध्या संभाषणाला ते इतके ताणतात की त्यातून ज्ञानाचे मोठे प्रश्न बाहेर पडतात.

हे सर्व वाचून मला काय मिळाले, हे आता सांगतो.

दिवाळीनंतर आपल्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. डांगमधून येतात, नंदुरबार-धुळ्याकडूनही येतात. मुकादमाच्या वहीत माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांच्या पाठीशी मोळ्या बांधणारे मूल त्या हिशेबात येत नाही. दोन अधिक एक बरोबर एक! नगरकरांच्या पाढ्याहून हा पाढा अधिक चुकलेला आहे. फक्त तो कोणी पुस्तकाला शीर्षक म्हणून दिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका टोळीतील दीड वर्षाची मुलगी माझ्याकडे खोकल्यासाठी आली. लसीकरणाचे विचारले, तेव्हा आई म्हणाली, "कार्ड गावी आहे." मी केसपेपरवर 'कार्ड गावी' असे लिहिले, औषध दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. तीन आठवड्यांनी तीच मुलगी गोवर आणि त्यानंतरचा न्यूमोनिया घेऊन, फार उशिरा परत आली. ती वाचली नाही.

नंतर समजले की गावच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'गुजरातेत कामास' असे लिहिले होते, आणि येथील पाहणीत 'महाराष्ट्रातील रहिवासी'. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. नवापूरच्या त्या बाकावर जणू ते मूल झोपले होते. डोके एका राज्यात, पाय दुसऱ्या राज्यात. वडिलांनी मला विचारले, "साहेब, नाव तर दोन्हीकडे होते. मग सुई कोणीच कशी दिली नाही?" मी त्यांना गोवर फुफ्फुसात कसा उतरतो ते समजावू लागलो. त्यांनी ते विचारलेच नव्हते. आणि तिसरी नोंद माझी होती, हे मी त्या दिवशी त्यांना सांगू शकलो नाही.

त्या सुमारास मी 'कोसला' पुन्हा वाचली. १९६३ मध्ये ज्या देवीच्या रोगाने पांडुरंगाची बहीण गेली, त्या रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून तो रोग हद्दपार झाल्याचे जाहीर केले. कादंबरीत जे अटळ दैव वाटते, ते अवघ्या बारा वर्षांत या देशातून पुसले गेले. तेव्हा मला उमगले की असंगती दोन प्रकारची असते. एक मृत्यूचीच. कोवळे मूल का जावे, याला उत्तर नाही. तेथे खोटे सांत्वन न करता आईबापांजवळ बसून राहणे, एवढेच आपल्या हाती असते. दुसरी असंगती माणसाने वहीत, तक्त्यात, सीमारेषेवर निर्माण केलेली असते. ती दैवाचा मुखवटा घालून येते, पण दैव नसते. तिच्यावर हसायचे असते आणि मग ती दुरुस्त करायची असते.

चांगले असंगत साहित्य या दोहोंतील फरक ओळखण्याची नजर देते. हेलर यांचा विनोद दुसऱ्या प्रकारावरचा आहे, तर नेमाड्यांचे मौन पहिल्या प्रकारापुढचे. आपण डॉक्टर मंडळी मात्र पुष्कळदा उलट वागतो. ज्या दुःखाला उत्तर नाही, त्यावर व्याख्यान देतो. आणि ज्याला उत्तर आहे, त्यापुढे 'नशीब' म्हणून मान डोलावतो.

आता माझ्या केसपेपरवर 'कार्ड गावी' हे शब्द येत नाहीत. कार्ड नाही म्हणजे लस दिलेली नाही असे समजायचे आणि वयानुसार देय असलेली लस त्याच भेटीत टोचायची, हा शास्त्रसंमत नियम मला पूर्वीही पाठ होता. तो पाळायला मी एका मुलीच्या मृत्यूनंतर शिकलो. गोवराची एखादी मात्रा जास्त झाल्याने बाळाचे काही बिघडत नाही.

संपादक मंडळींची पुन्हा क्षमा मागतो, लस आलीच. येत्या हंगामात टोळ्या येतील, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात येणारे कार्ड नसलेले मूल तेवढे मोजावे. पाढा पूर्ण जुळणार नाही. पण वहीबाहेर राहिलेला तो एक, निदान आपल्या हिशेबात यावा.