श्वानसंगोपन : ममता आणि माहिती



आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी पाळीव कुत्र्याच्या आरोग्याचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी पशुवैद्य नाही आणि पशुवैद्याचे काम मी करू इच्छीत नाही. परंतु या विषयाकडे मी आलो तो भाषेच्याच वाटेने. मराठीने कुत्र्याला मुख्यतः दोन जागा दिल्या आहेत. एक शिवीतली आणि दुसरी इमानाच्या दृष्टान्तातली. त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, आंधळे दळते तेव्हा पीठ खाणाराही तोच, आणि धन्यासाठी प्राण देणाराही तोच. या दोन्ही जागी एक गोष्ट राहून जाते. कुत्र्याला एक देह आहे, त्या देहाचे स्वतःचे धर्म आहेत आणि ते माणसाच्या देहधर्माहून वेगळे आहेत, याची दखल ना शिवी घेते ना स्तुती. आजच्या विवेचनाचा रोख या वेगळेपणावर आहे.

परंपरेतील सोबती

आपल्या परंपरेने कुत्र्याला दूर लोटले, असे मात्र म्हणता येणार नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवायला नकार देतो. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान असतात आणि भाविक त्यांना चार वेद मानतात. खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे. नामदेवांची कथा तर घराघरात ठाऊक आहे. कुत्र्याने भाकर पळविली तेव्हा ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

या कथेतील करुणेपुढे आपण नतमस्तक व्हावे. आहारशास्त्र मात्र तिच्यातून घेऊ नये. तूप, तळण आणि मांसाची चरबी यांचा अतिरेक झाला तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती प्राणावरही बेतते. करुणा संतांकडून शिकावी आणि तिचे प्रमाण पशुवैद्याकडून, एवढाच या विवेचनाचा मथितार्थ आहे.

अन्नाचा विचार

आपल्याकडे कुत्रा बहुधा घरातल्या उरल्यासुरल्यावर वाढतो. दूध-पोळी, दूध-भाकरी, आमटी-भात हा त्याचा रूढ आहार. तो सर्वस्वी चुकीचा आहे, असे नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने कुत्रा पिष्टमय अन्न पचवायला शिकला आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्या ठायी पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. तेव्हा भाकरी त्याला परकी नाही. पण नुसत्या भाकरीवर त्याचे भागतही नाही. त्याला प्रथिने लागतात. उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे शिजवलेले कोंबडीचे मांस किंवा मासे यांतून ती मिळतात. शाकाहारी घरात कुत्रा पाळायचा असेल, तर त्याच्या आहाराची आखणी पशुवैद्याच्या सल्ल्याने अधिक काटेकोरपणे करावी लागते.

दुधाविषयी एक गैरसमज आहे. पिल्लाला आईचे दूध पचते, परंतु वय वाढते तशी दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती पुष्कळ कुत्र्यांत कमी होते. मग रोजच्या दूध-पोळीने हगवण लागते आणि दोष पोळीवर जातो. अशा कुत्र्याला थोडे दही सोसते. नुसत्या मांसावर किंवा नुसत्या भातावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे कॅल्शियमच्या अभावी वाकतात. उलट मोठ्या जातीच्या पिल्लाला मनानेच कॅल्शियमचा भडिमार केल्यासही हाडांची वाढ बिघडते.

पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असताना दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा अन्न द्यावे. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. अन्न पुरेसे आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बरगड्या. हात फिरविला असता त्या सहज जाणवाव्यात, पण दुरून उठून दिसू नयेत. चरबीखाली बरगड्या सापडेनाशा झाल्या की लाडाने रोगाचे रूप घेतले, असे समजावे.

आता वर्ज्य पदार्थ. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणून रस्सा, आमटी, मसालेभात यांतला घास त्याला नको. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणजे प्रसादाचा शिरा आणि दिवाळीतले लाडू, ज्यांत आपण हौसेने बेदाणे घालतो, ते त्याच्यापासून दूरच ठेवावेत. चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला घातक आहे. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरविते. शिजवलेली हाडे टोकदार तुकडे होऊन फुटतात आणि घसा वा आतडे फाडतात. आयबुप्रोफेनसारख्या माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. घरातले कोणतेही औषध मनाने देऊ नये, हा नियम निरपवाद मानावा.

जात आणि हवामान

आपल्या बेळगाव परिसराला या विषयात एक अभिमानाचे स्थान आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे या मराठा राजघराण्याचे संस्थान. तेथील राजाश्रयाने वाढलेला शिकारी कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ या नावाने सर्वत्र ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत रामपूर, राजपालयम आणि हिमालयी मेंढपाळ कुत्र्याबरोबर मुधोळचाही समावेश होता.

हा कुत्रा नजरेने शिकार हेरून धावणारा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि आखूड केस ही त्याची ठेवण आहे. ‘काय हे हाडांचे सापळे’ असे म्हणून अशा कुत्र्याला कोंबून खाऊ घालणे म्हणजे धावपटूला पहिलवान करू पाहणे. खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी धावविणे धोक्याचे असते. जठर वायूने फुगते, कधी त्याला पीळ बसतो, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो.

हवामानाचा विचार याच ओघात येतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर थोडा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमानही आपल्याहून अधिक, सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा हस्की हैदराबाद किंवा वडोदऱ्याच्या वैशाखात ठेवणे, ही हौस त्याच्या जिवावर उठते. चपट्या नाकाच्या पग जातीला धाप टाकणेही अवघड जाते. आपल्या मातीतला साधा गावठी कुत्रा या उन्हापावसाला मुळात जुळलेला असतो. जात निवडताना प्रतिष्ठेपेक्षा हवामानाला विचारावे.

लस, जंत आणि गोचीड

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ इत्यादी रोगांवरील एकत्रित लस सुरू करावी. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरते आणि ती असेतो लसीचा प्रभाव पुरता पडत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ही लस पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. ‘एकदा टोचले, झाले’ या समजुतीने पुष्कळ पिल्ले हातची जातात. पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण यांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत संपते. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. म्हणून ज्या अंगणात पिल्लू या रोगाने गेले, तेथे लगेच दुसरे लस न झालेले पिल्लू आणू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही जडतो.

जंतांचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर सामान्यतः दर तीन महिन्यांनी द्यावे. कुत्र्याचे काही जंत मुलांच्या शरीरातही शिरतात, हे लहान मुले असलेल्या घराने विशेष ध्यानात ठेवावे. गोचीड केवळ रक्त पीत नाही, ती रक्तात रोगाचे जंतूही सोडते. ताप, हिरड्यांचा फिकटपणा, गळून जाणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रक्ततपासणी करून घ्यावी. गुरांच्या गोठ्यात वापरायचे औषध कुत्र्याच्या अंगावर मनाने ओतू नये, कारण तो अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते.

पिसाळणे

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे वळतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे आणि ‘जलत्रास’ या लक्षणाचे वर्णन आहे. म्हणजे हा रोग आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. उपाय मात्र नव्हता. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर लसोपचार सुरू केले आणि तो वाचला. तेव्हापासून हा रोग टाळता येतो. परंतु लक्षणे एकदा उमटली की आजही मृत्यू जवळजवळ अटळ आहे. भारतात २०२२-२३ मध्ये झालेल्या पाहणीवरून रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे मरतात, असा अंदाज काढण्यात आला. जगाचा विचार केला तर या रोगाच्या बळींत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के आहे, आणि माणसाला तो होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच.

दंश झाल्यास पहिले कर्तव्य म्हणजे साबण आणि वाहते पाणी यांनी जखम पंधरा मिनिटे धुणे. मिरचीपूड, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर विनाविलंब दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती आता निराधार आहे. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस भारतात २००५ पूर्वीच बंद झाली. आजची लस दंडात चार किंवा पाच वेळा घ्यावयाची असते, आणि रक्त निघालेल्या जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. चावलेला कुत्रा दहा दिवस निरोगी राहिला तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानतात. पण म्हणून दहा दिवस हात बांधून बसायचे नसते. उपचार त्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत. घरच्या कुत्र्याच्या पिल्लाने खेळता खेळता दात लावले तरी हाच नियम.

कुत्र्याला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे, आपल्याकडे सामान्यतः दरवर्षी द्यावी. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे दाखवून दिले आहे. तेथे २०१४ पासून भटक्या आणि पाळीव कुत्र्यांचे सार्वत्रिक लसीकरण आणि शाळाशाळांतून प्रबोधन झाले, आणि २०२१ साली राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. त्याआधीच्या तीन वर्षांत तेथे या रोगाने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता.

नित्याचे निरीक्षण

मुक्या प्राण्याची भाषा त्याच्या शरीरावर लिहिलेली असते आणि ती वाचण्यास रोजची पाच मिनिटे पुरतात. हिरड्या गुलाबी आणि ओलसर आहेत का? डोळ्यांत चिपडे, कानाला दुर्गंधी, पंजाच्या बोटांत गोचीड आहे का? खाणे, पाणी, शौच यांत कालच्यापेक्षा फरक पडला का? तोंडाचा उग्र वास ही बहुधा दातांच्या विकाराची खूण असते. दात घासताना माणसाची टूथपेस्ट वापरू नये. आंघोळ दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे आणि तीही कुत्र्यांसाठी असलेल्या साबणाने, कारण त्याच्या त्वचेची आम्लता आपल्याहून निराळी असते.

पैदास करावयाची नसेल तर नसबंदी करावी. नसबंदी न झालेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो, आणि नको असलेली पिल्ले बाजारात सोडून देण्याचे पापही यामुळे टळते. रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्यांच्या वंशावळीत कोठेतरी एक निष्काळजी घर असते.

श्रोतेहो, ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ आहे, म्हणून शेवटची विनंती शिक्षकांना आणि पालकांना करतो. मार खावा लागेल किंवा कुत्रा घरातून जाईल, या भयाने मुले दंशाची गोष्ट लपवितात. ती गोष्ट मुलाने त्याच दिवशी, न घाबरता सांगावी, असे वातावरण घरात आणि वर्गात असले पाहिजे. एवढे साधले तरी एखादा जीव वाचेल. कुत्रा इमानी आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्याच्याशी आपणही इमानाने वागतो की नाही, याचा पुरावा त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या तारखांत सापडेल. आज घरी गेल्यावर ती पुस्तिका जरूर उघडून पाहावी.