पौरुषग्रंथीवृद्धी : शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईत वसलेली पिढी आज वार्धक्यात आहे. त्यामुळे पौरुषग्रंथीवृद्धीचे रुग्ण आपल्याकडे नित्य येतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या बारा मूत्राघातांपैकी वाताष्ठीलेशी या व्याधीचे साधर्म्य आहे.

“काढ्याने शस्त्रक्रिया टळेल का?” असे रुग्ण विचारतो. उत्तर देण्यापूर्वी वैद्यांनी पुढील बाबी पाहाव्यात. मूत्र अडून नळी घालावी लागली व ती काढताच पुन्हा अडले काय? वारंवार संसर्ग किंवा रक्तमूत्रता होते काय? मूत्राशयात अश्मरी आहे काय? क्रिएटिनिन वाढले किंवा सोनोग्राफीत वृक्क फुगलेले दिसले काय? यांपैकी एकही उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास थांबवून न ठेवता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. विलंबाने वृक्कांची कायमची हानी होऊ शकते. केवळ ग्रंथी मोठी असणे हे मात्र शस्त्रक्रियेचे कारण नव्हे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास शल्यचिकित्सकास आधीच कळवावे. फिनास्टेराइड दीर्घकाळ घेतल्यास पीएसए सुमारे निम्मे दिसते, हेही ध्यानी ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर वीर्य मूत्राशयाकडे वळू शकते, याची रुग्णास पूर्वकल्पना द्यावी.

औषधविक्रेत्यांनी अशा रुग्णास स्यूडोएफेड्रिनयुक्त सर्दीच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी मूत्र अकस्मात अडू शकते.