कार्ड आधी की प्रोसेसर?
घरचा संगणक : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांनी हे काम वर्षातून दोनदा करावं, असंही सांगितलं होतं. तेवढं करूनही गेम अडखळत असेल, तर मात्र पैसे काढायची वेळ आली. ते कुठे घालायचे, हा आजचा विषय.

बहुतेक मुलं सरळ ग्राफिक्स कार्डाकडे धावतात. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, पण आधी मोजून घ्या. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही : लेथचा बेड झिजला असेल, तर नवी मोटर बसवून जॉबचं माप येत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. नेहमीचा गेम लावा, व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, एफपीएसचा आकडा कोपऱ्यात दिसेल अशी सोय करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. गेममधल्या एखाद्या गर्दीच्या जागी उभं राहून आकडा कागदावर लिहा. मग रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा आणि त्याच जागी परत पाहा. आकडा एकदम चढला तर अडचण कार्डात आहे. पिक्सेल कमी झाले तसं त्याचं ओझं उतरलं. आकडा जवळपास तिथेच राहिला तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते आहे. पिक्सेल कितीही असोत, शत्रूंच्या हालचाली, टकरी, गोळ्यांचा हिशेब प्रोसेसरलाच करावा लागतो. टास्क मॅनेजर ‘प्रोसेसर ४० टक्के’ दाखवतो म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका. ती सगळ्या कोअरची सरासरी असते. बरेच गेम मुख्य भार एक-दोन कोअरवर टाकतात. ते भरले की बाकीचे रिकामे असून उपयोग नसतो.

मॉनिटरही बघा. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. तुम्हाला आत्ताच ९० एफपीएस मिळत असतील, तर नव्या कार्डाने डोळ्यांना फारसा फरक दिसणार नाही. तिथे पैसे मॉनिटरवर घाला.

आता एक नमुन्याचा संगणक घेऊ. व्हीटीयूच्या इंजिनिअरिंगला असताना थोरल्या भावाने २०१७ साली कॅड आणि गेम, दोन्हींसाठी जुळवलेला, आता धाकट्याच्या टेबलावर आलेला. रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क.

या संगणकाचं नशीब बोर्डात आहे. एएमडीने एएम४ हे सॉकेट बरीच वर्षं चालवलं. त्यामुळे २०१७च्या बऱ्याच बी३५० बोर्डांवर बायोस अद्ययावत केलं की २०२२चा रायझन ५ ५६०० बसतो. तुमच्या बोर्डाचं मॉडेल कंपनीच्या यादीत आहे का, तेवढं पाहून घ्या. यात दुसरा फायदाही आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या यादीत हा १६०० नाही, ५६०० आहे. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना हे महत्त्वाचं, कारण विंडोज ११वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. मात्र बायोसचं काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरका, आणि यूपीएस जोडल्याशिवाय करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायोस अर्धवट राहिलं तर बोर्ड उठत नाही.

रॅमची दुसरी ८ जीबी पट्टी घ्या. एकूण १६ होतातच, शिवाय दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनल चालू होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रूशिअल’ हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५वर जायचं तर सगळी डीडीआर५ नव्याने घ्यावी लागेल. म्हणून हातातली डीडीआर४ जपणं शहाणपणाचं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की एफपीएस फारसे वाढत नाहीत, पण वाट पाहणं आणि मध्येच थबकणं कमी होतं. २०२३च्या स्टारफिल्डने तर एसएसडी ही किमान अटच ठेवली.

कार्डाचं बोलायचं तर १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवायचं, बहुतेक मॉडेलना वेगळी वायरही लागत नसे. आरएक्स ६६०० घेतलं तर १३२ वॅट लागतात. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, पण जुन्या बोर्डात घेऊ नका : ते पीसीआयईच्या चारच लेन वापरतं, आणि पीसीआयई ३.०च्या बोर्डात त्याचा वेग चांगलाच पडतो.

कार्डाआधी एसएमपीएस बघा, हे मी आग्रहाने सांगतो. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. खरी ताकद बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत वाचायची. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. वर्षानुवर्षं गरम होऊन कपॅसिटर कमजोर होतात, विजेच्या चढउतारांनी आणखी लवकर. आठ वर्षं चाललेला एसएमपीएस बदलल्याशिवाय त्यावर नवं कार्ड चढवू नये. चांगल्या कंपनीचा खरा ५५० वॅटचा एसएमपीएस या संगणकाला पुरेसा आहे, आणि पुढच्या संगणकातही चालेल.

तुमच्याकडे इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५ असेल तर माझं मत वेगळं आहे. त्या बोर्डाचा रस्ता तिथेच संपतो : रॅम डीडीआर३, विंडोज ११ला अधिकृत आधार नाही, वर चढायला त्याच काळातला आय७. त्यात प्रोसेसर आणि रॅमवर एक रुपयाही घालू नका. एसएसडी घ्या, ती नव्या संगणकात काढून नेता येते. बाकीचे पैसे साठवा.

पुढच्या लेखांकात जुनं कार्ड विकत घेताना काय तपासायचं ते पाहू. एस.पी. रोड किंवा लॅमिंग्टन रोडवरून माल मागवणाऱ्यांनी तोवर थांबावं, आणि ७२०पीच्या चाचणीचे दोन्ही आकडे लिहून जवळ ठेवावेत. ते पुढच्या वेळी लागतील.