मावशी, तू तूच असतीस का?

परवा आठवीतल्या भाचीने मला विचारलं, 'मावशी, तुझं नाव वेगळं असतं, तरी तू तूच असतीस का?' मी क्लीन बोल्ड! व्हिजिटिंग कार्ड पुढे करायचं तेवढं बाकी होतं.

दोष माझाच. वाढदिवसाला 'सोफीज् वर्ल्ड' मीच दिलं होतं, स्वतः न वाचता. मग मागून घेतलं आणि दोन वीकेंड त्यातच गेले. नॉर्वेत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या योस्टेन गार्डरची ही १९९१ मधली कादंबरी. पंधरावा वाढदिवस जवळ आलेल्या सोफीला पत्रपेटीत निनावी चिठ्ठ्या सापडतात. आधी प्रश्न, मग धडे. थेट सॉक्रेटिसच्याही आधीपासून सार्त्रपर्यंत. पण घोकंपट्टी नाही. डेमोक्रिटसचे अणू समजवायला चक्क लेगोचे ठोकळे! आणि मध्यावर गोष्ट अशी काही वळते, की सोफीला स्वतःच्या खरेपणाचीच शंका येते. पुढचं सांगत नाही.

वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. मध्यंतरी दोन महिने हातात काम नव्हतं. तेव्हा 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाच्या धास्तीने मी दोन लग्नं टाळली होती. म्हणजे काम नाही, तर मी कुणीच नाही? हा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला नव्हता. भाचीने विचारला.

तिला म्हटलं, 'उत्तर माहीत नाही गं, शोधतेय.' ती खूश! घरात असं चौदा वर्षांचं कुणी असेल, तर हे पुस्तक जरूर द्या. फक्त आधी स्वतः वाचा. प्रश्न येणारच आहे!